शेतात राखलेले, दुकानात गमावलेले

सेंद्रिय धान्य, भाजीपाला, गूळ आणि घाण्याचे तेल यांना गेल्या दोन दशकांत शहरी मध्यमवर्गीय घरांत मानाचे स्थान मिळाले आहे. पूर्वी ज्याची चर्चा काही ध्येयवादी प्रयोगशील शेतकऱ्यांपुरती मर्यादित होती, तो माल आज उपनगरांतील वाणसामानाच्या दुकानांतून आणि मोठ्या विक्रीदालनांतून मांडलेला दिसतो. कोल्हापूरच्या श्री. अ. दाभोळकरांची प्रयोग परिवाराची चळवळ असो वा अमरावती जिल्ह्यातील सुभाष पाळेकर यांनी नैसर्गिक शेतीसाठी केलेला देशव्यापी प्रचार असो, महाराष्ट्राने या विचाराला मोठे बळ दिले आहे. २०१६च्या जानेवारीत सिक्कीम हे देशातील पहिले संपूर्ण सेंद्रिय राज्य म्हणून घोषित झाले, तेव्हा या वाटचालीवर राष्ट्रीय मान्यतेची मोहोरही उमटली.

हे सारे स्वागतार्ह आहे. परंतु या विषयावर जे लिहिले-बोलले जाते, त्यातील बहुतांश शेताच्या बांधापाशी येऊन थांबते. जीवामृत कसे करावे, गांडूळखत किती घालावे, कोणते वाण लावावे याची चर्चा विपुल होते. तोच माल बांध ओलांडून बाजारात आला, दुकानाच्या फळीवर चढला आणि ग्राहकाच्या पिशवीत पडला, या प्रवासात त्याचे काय होते, याकडे मात्र फारसे कोणी पाहत नाही. वास्तविक शेतकऱ्याने काही वर्षे खपून जे राखले, ते दुकानात एका दिवसात गमावता येते. हा धोका कसा निर्माण होतो आणि तो कसा टाळता येईल, याचा विचार आता दुकानदाराने आणि ग्राहकानेही केला पाहिजे.

तपश्चर्येचे मोल

सेंद्रिय मालाला चार पैसे अधिक का द्यायचे, हे आधी नीट समजून घ्यावे लागेल. राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रमाची आखणी २००१ साली झाली. त्याच्या नियमांनुसार हंगामी पिकांसाठी पेरणीपूर्वी दोन वर्षांचा आणि फळबागांसारख्या बहुवार्षिक पिकांसाठी तीन वर्षांचा रूपांतरकाळ साधारणपणे पाळावा लागतो. या काळात रासायनिक खत आणि कीटकनाशक वापरायचे नाही. उत्पन्न अनेकदा घटते, तण वाढते, मजुरी वाढते आणि तरीही माल ‘सेंद्रिय’ या नावाने विकता येत नाही. ज्यांना त्रयस्थ संस्थेकडून प्रमाणीकरण परवडत नाही, अशा लहान शेतकऱ्यांसाठी सहभागी हमी पद्धत आहे. तीत किमान पाच शेतकऱ्यांचा स्थानिक गट एकमेकांच्या शेतांची तपासणी करतो आणि परस्परांच्या सचोटीची ग्वाही देतो.

म्हणजे ग्राहक जे जास्तीचे पैसे मोजतो, ते केवळ चवीचे किंवा रंगाचे नसतात. ती त्या शेतकऱ्याच्या संयमाची आणि शब्दाची किंमत असते. दुकानात हा शब्द मोडला, तर फसवणूक ग्राहकाची तर होतेच. पण त्याहून मोठा अन्याय त्या शेतकऱ्यावर होतो. कारण एकदा विश्वास उडाला की ग्राहक दुकानदाराला दोष देऊन थांबत नाही. ‘सेंद्रिय-बिंद्रिय सगळे थोतांड आहे’ असे म्हणून तो त्या मालालाच रामराम ठोकतो. मग ज्याने कोणतीही लबाडी केली नाही, त्याच्या मालाला गिऱ्हाईक उरत नाही.

कायदा काय सांगतो?

या बाबतीत कायदा अगदीच मुका नाही. अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने २०१७ साली सेंद्रिय अन्नाविषयीचे विनियम केले आणि १ जुलै २०१८पासून ते लागू झाले. ‘सेंद्रिय’ म्हणून विकल्या जाणाऱ्या अन्नाला राष्ट्रीय कार्यक्रमाचे किंवा सहभागी हमी पद्धतीचे प्रमाणीकरण असावे, वेष्टनावर तशी माहिती असावी आणि मालाचा माग उत्पादकापर्यंत काढता यावा, ही त्यातील मुख्य अपेक्षा आहे. ‘जैविक भारत’ हे बोधचिन्हही त्याच व्यवस्थेचा भाग म्हणून आणले गेले. वार्षिक उलाढाल १२ लाख रुपयांपर्यंत असलेला लहान उत्पादक थेट ग्राहकाला माल विकत असेल, तर त्याला प्रमाणीकरणातून सूट आहे. आठवडी बाजारात स्वतःची भाजी घेऊन बसणाऱ्या शेतकऱ्याला कागदांच्या भाराखाली दाबू नये, हा त्यामागील विचार योग्यच म्हटला पाहिजे.

याच विनियमांत किरकोळ विक्रेत्यासाठीही एक स्पष्ट आज्ञा आहे. केवळ सेंद्रिय माल विकणारा असो वा इतर मालासोबत तो विकणारा असो, विक्रेत्याने सेंद्रिय अन्न सर्वसाधारण मालापासून वेगळे ओळखू येईल अशा रीतीने मांडले पाहिजे. वाक्य लहान आहे, पण त्याचा आशय मोठा आहे. वेगळे मांडणे म्हणजे केवळ हिरव्या रंगाची पाटी लावणे नव्हे. गोदामात, तराजूवर, मापात, पोत्यात आणि हिशेबाच्या वहीत वेगळेपण राखले, तरच फळीवरच्या वेगळेपणाला अर्थ उरतो.

अमेरिकेत राष्ट्रीय सेंद्रिय नियम ऑक्टोबर २००२पासून पूर्णतः लागू झाले. तेथेही सर्वसाधारण किरकोळ दुकानाला स्वतःचे प्रमाणपत्र घेण्याची सक्ती नाही. मात्र सेंद्रिय माल इतर मालात मिसळणार नाही आणि निषिद्ध रसायनांच्या संपर्कात येणार नाही, ही जबाबदारी त्या दुकानदारावरही टाकलेली आहे. मिसळ आणि संपर्क, हे दोन शब्द ध्यानी धरले तर दुकानात काय सांभाळायचे, याचे सारे शास्त्र त्यांत सामावले आहे.

मिसळ : मोहाची आणि निष्काळजीपणाची

मिसळ दोन प्रकारे होते. एक मोहाने आणि दुसरी निष्काळजीपणाने. मोहाची मिसळ सर्वांना ठाऊक आहे. सेंद्रिय तूरडाळीचा डबा दुपारीच रिकामा होतो, गिऱ्हाईक समोर उभे असते, शेजारीच साध्या डाळीचे पोते असते आणि दोन्ही डाळी दिसायला सारख्याच असतात. अशा वेळी ‘माल संपला, गुरुवारी येईल’ असे सांगणारा दुकानदार हा खरा सेंद्रिय विक्रेता. त्याने त्या क्षणी गमावलेला नफा हीच त्याच्या दुकानाची खरी भांडवल-गुंतवणूक ठरते.

दुसरी मिसळ अधिक व्यापक आहे आणि तीत कोणाची वाईट बुद्धी नसते. एकाच मापाने आधी साधा तांदूळ आणि मग सेंद्रिय तांदूळ भरला जातो. तराजूचे पारडे पुसले जात नाही. डब्याच्या तळाशी जुना माल असताना वरून नवा ओतला जातो. पिठाच्या गिरणीचे उदाहरण तर प्रत्येक गृहिणीला ठाऊक आहे. आधीच्या दळणाचे पीठ जात्यात आणि कापडी नळीत उरलेले असते. त्यामुळे सेंद्रिय गहू दळायला दिला, तरी पहिले काही पीठ दुसऱ्याच्याच गव्हाचे येते. उपवासाचे दळण वेगळ्या दिवशी वा गिरणी झाडून घेतल्यावर दळण्याची शिस्त आपल्या समाजाने पिढ्यान् पिढ्या पाळली आहे. उपवासाच्या पिठासाठी जी काळजी स्वाभाविक वाटते, तीच सेंद्रिय पिठासाठी अशक्य का मानावी? दिवसाचे पहिले दळण सेंद्रियाचे ठेवले आणि त्याआधी गिरणी स्वच्छ केली, तर निम्मा प्रश्न खर्चाविना सुटतो.

संपर्क : न दिसणारा शत्रू

मिसळ निदान डोळ्यांना दिसू शकते. रसायनाचा संपर्क दिसत नाही. भुसार मालाच्या गोदामात कीड रोखण्यासाठी ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या वापरल्या जातात. हवेतील ओलाव्याशी संयोग होऊन त्यांतून फॉस्फीन हा अत्यंत विषारी वायू निघतो. त्याच गोदामाच्या कोपऱ्यात सेंद्रिय धान्याची पोती रचलेली असतील, तर त्या वायूला ‘ही पोती सोड’ असे कोण सांगणार? झुरळांसाठी रात्री दुकान बंद करून फवारणी केली जाते आणि फळीवर उघड्या टोपलीत सेंद्रिय भाजी तशीच राहते. खताच्या रिकाम्या गोण्या धुऊन त्यांतून भाजी वाहून नेणे, त्या ओल्या करून पालेभाजीवर झाकणे, हेही अनेक ठिकाणी सर्रास चालते. भाजी पिकवताना ज्या खताचा कण शेतकऱ्याने शेतात येऊ दिला नाही, त्याचेच बारदान शेवटी तिच्या अंगावर पांघरले जाते.

या दुर्लक्षाची किंमत देशाने आंतरराष्ट्रीय बाजारातही मोजली आहे. २०२०च्या सप्टेंबरात भारतातून युरोपात गेलेल्या तिळात इथिलीन ऑक्साइडचे अंश सापडले आणि त्यांत सेंद्रिय म्हणून पाठवलेला तीळही होता. हे रसायन शेतात फवारायचे औषध नव्हे. साठवलेल्या मालाचे निर्जंतुकीकरण करण्यासाठी त्याची धुरी दिली जाते. पुढे युरोपीय संघाने भारतातील पाच प्रमाणीकरण संस्थांची मान्यता काढून घेतली. त्याआधी २०२१च्या जानेवारीत अमेरिकेनेही भारतीय व्यवस्थेशी असलेला मान्यता-करार संपुष्टात आणण्याचा निर्णय जाहीर केला. या घटनांमागे कारणे अनेक असतील; पण माल शेताबाहेर पडल्यावर त्याचे काय होते, याकडे दुर्लक्ष केले तर संपूर्ण देशाच्या नावाला बट्टा लागतो, हा धडा त्यांतून घेतला पाहिजे. परदेशी प्रयोगशाळेने दाखवून दिल्यावर जागे होण्यापेक्षा घरच्या ग्राहकासाठी आधीच दक्ष राहणे अधिक शोभादायक नव्हे काय?

जुने शहाणपण, नवी व्यवस्था

मग रसायनाविना माल टिकवायचा कसा, असा प्रश्न दुकानदार विचारतो आणि तो रास्त आहे. त्याचे उत्तर बऱ्याच अंशी आपल्याच घरांत आहे. कडक उन्हात वाळवलेले धान्य, कणगीत घातलेला कडुलिंबाचा पाला, धान्याच्या कोठीत ठेवलेले बिब्बे, डाळीला चोळलेले एरंडेल, चुलीची चाळलेली राख ही साधने आजीच्या पिढीला नवीन नव्हती. त्यांतील मूलसूत्र एकच : धान्य पुरते कोरडे ठेवा आणि किडीला हवा व ओलावा मिळू देऊ नका. आज त्याच सूत्राला हवाबंद पिशव्या, नियंत्रित तापमानाचे गोदाम आणि कर्बवायू किंवा नत्रवायू भरलेली साठवण यांची जोड मिळाली आहे. छोट्या दुकानदाराला एवढी सामग्री परवडली नाही, तरी एक उपाय त्याच्या हाती नेहमीच असतो. तो म्हणजे थोडा माल वारंवार मागवणे. हातसडीच्या तांदळात कोंड्याचे तेल असते, त्यामुळे तो पांढऱ्या तांदळापेक्षा लवकर खवट होतो. त्याचे सहा महिन्यांचे पोते भरून ठेवणे म्हणजे नुकसान ओढवून घेणे होय.

भाजी आणि फळे यांचे गणित निराळे आहे. पिकलेली केळी, आंबे आणि सफरचंदे इथिलीन हा वायू सोडतात. त्याने शेजारची मेथी आणि कोथिंबीर लवकर पिवळी पडते. म्हणून फळांची टोपली आणि पालेभाजी यांच्यात अंतर हवे. कांदा-बटाटा एकाच टोपलीत ठेवण्याची सवयही सोडली पाहिजे. दोहोंना हवा आणि अंधार हवा, पण परस्परांचा सहवास मानवत नाही. पालेभाजीला गारवा आणि ओलावा हवा, तर केळ्यांना शीतकपाटाचा गारवा सोसत नाही, त्यांची साल काळवंडते. सेंद्रिय आणि साधी भाजी एकाच मांडणीवर ठेवावी लागली, तर सेंद्रिय भाजी वरच्या खणात आणि साधी खालच्या खणात असावी. म्हणजे पाणी शिंपडल्यावर साध्या भाजीचे निथळणारे पाणी सेंद्रिय भाजीवर पडणार नाही. अशा गोष्टींना पैसा लागत नाही, लक्ष लागते.

आंब्याच्या बाबतीत तर कोकणाने घालून दिलेला पायंडा पुरेसा आहे. गवताची अढी घालून आंबा पिकवण्याला वेळ लागतो, पण तो विश्वासाने पिकतो. कॅल्शियम कार्बाइडने फळे पिकवण्यावर देशात कायद्याने बंदी आहे. त्यातून निघणाऱ्या वायूसोबत आर्सेनिक व फॉस्फरसचे अंश फळांवर येण्याचा धोका असतो. बागायतदाराने झाडावर औषध मारले नाही आणि व्यापाऱ्याने पेटीत कार्बाइडची पुडी ठेवली, तर त्या फळाला सेंद्रिय म्हणण्यात कोणते सत्य उरले?

ग्राहकाचीही परीक्षा

दोष केवळ विक्रेत्यावर ढकलून ग्राहकाला मोकळे होता येणार नाही. गुळाचे उदाहरण घ्यावे. रसायनाविना केलेला गूळ बहुधा तांबूस-काळसर असतो. पूर्वी भेंडीच्या चिकाने रसाची मळी काढली जाई, आजही काही गुऱ्हाळांत काढली जाते. परंतु ग्राहकाला पिवळाधमक गूळ हवा असतो आणि तो रंग आणण्यासाठी गंधकयुक्त रसायनांचा सढळ वापर होतो. ग्राहक रंग पाहून निवडत राहिला, तर गुऱ्हाळवाल्याने सचोटी कोणाच्या भरवशावर पाळायची? शिवाय असा गूळ पावसाळ्यात लवकर पाझरतो. तो हवाबंद ठेवणारा दुकानदार आणि पाझरला म्हणून त्याला नाके न मुरडणारा ग्राहक, असे दोघेही हवेत.

‘भाजी किडकी असली की ती सेंद्रिय’ हाही एक भ्रम आहे. भाजीला कीड लागली म्हणजे फवारणी झालीच नाही, असे सिद्ध होत नाही आणि निर्मळ भाजी म्हणजे औषध मारलेलीच, असेही नव्हे. तसेच सेंद्रिय म्हणजे न धुता खाण्याजोगे, ही समजूत घातक आहे. शेणखतावर वाढलेल्या पालेभाजीला माती आणि जंतू असू शकतात. वाहत्या स्वच्छ पाण्याने ती धुतलीच पाहिजे. डोळ्यांना दिसणाऱ्या खुणांवर विसंबण्यापेक्षा ग्राहकाने प्रश्न विचारण्याची सवय लावून घ्यावी. हा माल कोणत्या गटाचा? कधी आला? वेष्टनावर प्रमाणीकरणाचे चिन्ह आणि परवाना क्रमांक आहे का? सुटा विकत असाल तर मूळ पोत्यावरची चिठ्ठी दाखवता का? प्रमाणित पाकीट फोडून माल डब्यात ओतला की ते चिन्ह ग्राहकाच्या नजरेआड जाते. मग उरतो तो केवळ दुकानदाराचा शब्द आणि त्याची वही.

वहीत सत्य असते

ही वही सर्वांत महत्त्वाची. सेंद्रिय मालाची आवक आणि विक्री यांची नोंद दुकानदाराने वेगळी ठेवली, तर लबाडीला जागाच उरत नाही. पन्नास किलो सेंद्रिय तूरडाळ आली आणि ऐंशी किलो विकली गेली, तर वरचे तीस किलो कोठून आले, हा प्रश्न तपासनिसाने विचारण्याची गरज नाही. वहीच तो विचारते. त्यासाठी प्रयोगशाळा लागत नाही, महागडी यंत्रणा लागत नाही. आवकेची तारीख, शेतकरी वा गट, पोत्याचा क्रमांक, वजन आणि दररोजची विक्री, एवढे पाच रकाने पुरेत.

छोट्या दुकानदाराचा यावर आक्षेप असतो की, दीडशे चौरस फुटांच्या गाळ्यात वेगळे गोदाम, वेगळा तराजू आणि वेगळी वही कशी जमणार? त्याची अडचण खरी आहे आणि तिची थट्टा करू नये. परंतु त्यावरचा मार्गही तितकाच सोपा आहे. ज्याला वेगळे ठेवणे जमत नाही, त्याने सुटा सेंद्रिय माल ठेवूच नये. शेतकरी गटाने बांधून दिलेली मोहोरबंद पाकिटे तेवढी विकावीत. चाळीस प्रकारचा सेंद्रिय माल अर्धवट सांभाळण्यापेक्षा चारच जिनसा चोख सांभाळणारे दुकान अधिक दिवस टिकते.

अन्न सुरक्षा कायद्यात चुकीच्या नामनिर्देशासाठी तीन लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. पण प्रत्येक डब्यामागे निरीक्षक उभा करता येत नाही आणि तसा तो उभा असावा, अशी इच्छाही कोणी धरू नये. येथे संघटित ग्राहकच उपयोगी पडतो. महाराष्ट्राला ग्राहक चळवळीची मोठी परंपरा आहे. बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ साली पुण्यात ग्राहक पंचायतीचा पाया घातला. पाठोपाठ १९७५ साली मुंबई ग्राहक पंचायत उभी राहिली आणि शेजारच्या कुटुंबांनी गट करून एकत्र खरेदी करावी, ही पद्धत तिने रुजवून दाखवली. हीच रीत सेंद्रिय मालाला चपखल लागू पडते. एका सोसायटीतील वीस कुटुंबांनी एकत्र येऊन एका शेतकरी गटाशी वर्षभराचे बोलणे केले, वर्षातून एकदा मुलाबाळांसह ते शेत पाहून आले आणि परिसरातील एका सचोटीच्या दुकानदाराकडे तो माल उतरवण्याची व्यवस्था केली, तर तिघांचेही हित साधते. शेतकऱ्याला खात्रीचे गिऱ्हाईक मिळते, दुकानदाराला नासाडीची भीती राहत नाही आणि ग्राहकाला आपले अन्न कोणी पिकवले हे नावानिशी कळते.

अन्नाला पूर्णब्रह्म मानणाऱ्या समाजात अन्नाविषयीचे असत्य हा केवळ व्यापारी गुन्हा ठरत नाही. पिकवणारा, सांभाळणारा आणि खाणारा या तिघांच्या विश्वासावर सेंद्रिय चळवळीचा डोलारा उभा आहे. शेतकऱ्याने आपला वाटा उचलला आहे. येत्या हंगामातील नवा तांदूळ दुकानात उतरेल, तेव्हा त्याच्यासाठी स्वच्छ डबा, वेगळे माप आणि कोरी वही तयार असावी, एवढी अपेक्षा त्याने दुकानदाराकडून धरली तर ती वावगी म्हणता येणार नाही. आणि ती वही पाहायला मागण्याचे कर्तव्य ग्राहकाचे आहे.